पावलाची कड

पावलाच्या बाहेरच्या बाजूने, करंगळीपासून टाचेकडे बोट फिरवत नेलं, तर साधारण मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो. तो सगळ्यांनाच असतो, पण बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. आमच्या घरात तो दोघांना पक्का माहीत आहे, मला आणि माझ्या बायकोला, मालतीला.

पाय मुरगळल्यावर तिथे दुखू लागलं असेल तर त्या पायावर भार देऊ नका, चोळू नका, आणि हाडाचा एक एक्स-रे फोटो काढून घ्या. ज्याला घाई आहे त्याने एवढं वाचून थांबलं तरी चालेल. पुढचं मी लिहितो आहे ते आमच्या घरात आणि घराबाहेर माझ्या तोंडून जे चुकीचं पसरलं ते परत घेण्यासाठी. माझं वय झालं आहे आणि पाय बरा आहे, तेव्हा आता सबब उरलेली नाही.

पायाळू

मी आईच्या पोटातून पायाकडून आलो. आमच्याकडे अशा माणसाला पायाळू म्हणतात. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूने तिथे पाय लावायचा, म्हणजे उसण उतरते, असं मानतात. पनवेलात मी लहान असल्यापासून लोक आमच्या दारात येत. आई मला खेळातून ओढून आणायची. आलेला माणूस दाराची चौकट धरून पाठ करून उभा राहायचा आणि मी उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेने त्याच्या कमरेवर हलके तीन फटके मारायचो. त्याने मागे न पाहता निघून जायचं, अशी रीत. पायाळूवर वीज पडते असंही मानतात, म्हणून ढग गडगडले की आई मला अंगणात उभं राहू देत नसे.

मोठा झालो, तालुका कचेरीत नोकरीला लागलो, तरी लोक येतच राहिले. रविवारी सकाळी जास्त. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कचेरीत मी चारचौघांतला एक कारकून होतो. दारात आलेला माणूस मात्र वाकून उभा राहायचा आणि जाताना हात जोडायचा.

मालती पेणची. लग्न होऊन आली तेव्हा तिला या प्रकाराचं हसू आवरत नसे. एकदा आईच्या देखत म्हणाली, "यांच्या डोक्याला कुणी काही विचारत नाही, पायाला मात्र रांग." आईला राग आला. मी हसलो, पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं. तिने या पायाला मानावं असं मला वाटत होतं. किती वाटत होतं ते मला पुढे कळलं.

बांधावर

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. मुलगा शिकायला पुण्याला गेला होता आणि मालतीने मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं काम घेतलं होतं. तिचा वर्ग नेऱ्याच्या पुढे, डोंगराखालच्या एका वाडीत भरायचा. दुपारच्या गाडीने नेऱ्याला उतरायचं आणि तिथून भातखाचरांच्या बांधांवरून वाडीपर्यंत चालत जायचं. बायका घरची कामं उरकून यायच्या, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसायच्या. मालती घरी आली की तासभर त्यांच्याबद्दलच बोलायची. कुणी पहिल्यांदा पाटीवर गोल काढला, कोण रागावून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी आधी येऊन बसली. हौसा नावाची एक होती, तिचं नाव सगळ्यात जास्त यायचं. हौसाला स्वतःची सही करायची होती. अंगठा उठवताना तिला लाज वाटायची.

दिवाळीच्या थोडं आधी वाडीहून परतताना बांधाची कड ढासळली आणि मालतीचा उजवा पाय आत वळला. ती कशीबशी घरी आली. पावलाच्या बाहेरच्या बाजूला सूज होती, तिथली कातडी चकाकत होती. आईने चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि शेक दिला. मग तेल लावून जोरात चोळलं. ताज्या सुजेवर शेक आणि चोळणं, दोन्ही चुकीचं, हे आज मला माहीत आहे. थंड पाण्याची घडी, पाय उशीवर उंच आणि विश्रांती, एवढंच हवं होतं. आई मात्र तिच्या आईने जे केलं असतं तेच करत होती. तिचा दोष मी काढत नाही.

मग आई म्हणाली, घरात पायाळू असताना बाहेर कशाला बघायचं. मालतीने माझ्याकडे पाहिलं. काढा घेताना माणूस डोळे मिटतो तसे तिने डोळे मिटले आणि पाय पुढे केला. उसण पाठीत भरते. मुरगळलेल्या पायाला पायाळूचा पाय लावतात असं मी कधी ऐकलं नव्हतं. तरी मी लावला. माझ्या पावलाची कड तिच्या पावलाच्या कडेवर.

दिवाळीत वर्गाला सुट्टी होती. मालती घरात बसून होती, त्यामुळे सूज ओसरली, दुखणं कमी झालं. भाऊबीजेला घरात पाहुणे होते. त्यांच्यासमोर ती म्हणाली, "खरंच उतरलं हो. मी उगीच हसत होते इतकी वर्षं."

त्या दिवशी मला काय वाटलं ते लिहायला बसलो तर आजही शरम वाटते. नोकरीत बढती मिळाली तेव्हाही मला इतकं सुख झालं नव्हतं. सुट्टी संपल्यावर तिने विचारलं, वर्गाला जाऊ ना? मी म्हणालो, जा, बरा झालाय पाय.

तळ्याकाठी

त्यानंतर आठवडाभरात तळ्याकाठी आमच्या आळीतले डॉक्टर भेटले. त्यांचा दवाखाना आमच्या घराजवळच होता. वहिनींना काल स्टँडकडे जाताना पाहिलं, असं म्हणाले. पाय वाकडा टाकतात. कधी मुरगळला, कुठे दुखतो, हे त्यांनी मला विचारलं. मी जागा दाखवली. त्यांनी स्वतःची चप्पल काढून पावलावर बोट ठेवलं आणि सांगितलं की करंगळीच्या मागे एक लांब हाड असतं, त्याच्या मुळाशी रक्त कमी पोचतं, तिथे मोडलं तर जुळायला फार त्रास देतं. आधी फोटो काढा. तोवर पायावर भार देऊ देऊ नका. वर्गबिर्ग बंद.

बाईच्या दुखण्याबद्दल तिच्या नवऱ्याशी बोलायचं, ही तेव्हाची रीत होती. डॉक्टरांना त्यात वावगं वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. मी म्हणालो, हो, नेतो.

नेलं नाही. घरी येऊन मी तिला काही सांगितलंच नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. विसरलो नव्हतो. फोटो काढायचा म्हणजे माझ्या पायाने काही झालं नव्हतं हे तिला सांगायचं. 'खरंच उतरलं हो' हे वाक्य परत द्यायचं. मला ते द्यायचं नव्हतं. मी स्वतःला समजावलं की डॉक्टर लोक असंच घाबरवतात, आणि दुखणं वाढलं तर बघू.

दुखणं वाढलं. मी पुन्हा पाय लावला. तिने तो पुन्हा लावून घेतला, या वेळी डोळे न मिटता, विश्वासाने. ती वर्गाला जातच राहिली. उन्हाळा लागेपर्यंत तिला जमिनीवर पाऊल टेकवेना. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात फोटो निघाला तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, हे जुनं आहे, मोडल्यावर यावर पुष्कळ चालणं झालेलं दिसतंय. प्लास्टर झालं, मग ऑपरेशन झालं. हाड जुळलं ते वाकडं जुळलं. ती पुन्हा चालू लागली ती पावलाची बाहेरची बाजू जमिनीवर घासत. वर्ग कायमचा सुटला.

इस्पितळातून आल्यावर आईने विचारलं, असं कसं झालं. मी म्हणालो, "ऐकते कुठे? विश्रांती घे म्हटलं तर वर्गाला पळायची." हे वाक्य मी पहिल्यांदा आईला सांगितलं, मग मुलाला, बहिणीला, शेजाऱ्यांना, भेटायला येणाऱ्या सगळ्यांना. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं की मालतीही तेच म्हणू लागली, माझाच हट्ट नडला. मी ते ऐकत असे आणि तिला अडवत नसे.

माझा पाय

निवृत्त झाल्यावर मी सकाळी हायवेच्या कडेने लांबवर चालायला जाऊ लागलो. वजन वाढलं होतं आणि पायात जुन्या, कडक चामड्याच्या चपला होत्या. काही महिन्यांनी उजव्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागलं. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की तिथे कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. थोडं चाललं की कमी. संध्याकाळी पुन्हा.

मी काय काय केलं ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण तेच करत असतील. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसलो. आंबेहळद उगाळून लेप लावला. निर्गुडीचा पाला बांधला. यांनी बरं वाटतं, नाही असं नाही. पण बरं वाटतं म्हणून माणूस चालत राहतो आणि तिथेच फसतो. चपला बदलल्या, जमिनीवर मांडी घालून बसणं बंद केलं. मांडी घातली की पावलाची कड सगळा वेळ फरशीवर दाबली जाते. या दोन गोष्टींचा खरा उपयोग झाला, पण फार उशिरा.

हे सगळं मी मालतीला न सांगता करत होतो. दुखण्यापेक्षा त्याच्या जागेची मला जास्त भीती वाटत होती. तोच पाय, तीच कड, बोटभरही इकडे-तिकडे नाही. मी शिकलेला माणूस आहे, अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी चारचौघांत म्हणत आलो. पण ज्याने जन्मभर लोकांची दुखणी आपल्या पायाने उतरवली असं मानलं, त्याला एक प्रश्न टाळता येत नाही. उतरलेलं दुखणं जातं कुठे?

एका सकाळी मालती उंबऱ्यापाशी माझी काढून ठेवलेली जुनी चप्पल हातात घेऊन उभी होती. तिने ती उलटी करून तळ बघितला. बाहेरची बाजू पार झिजून गेली होती. मग तिने स्वतःची चप्पल उचलून शेजारी धरली.

"अहो, तुमची चप्पल माझ्यासारखी झिजलीय," ती म्हणाली. "कधीपासून दुखतंय?"

निदानाचा दिवस

ती मला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. मुंबईला जाऊ, असं मी म्हणत होतो. तिला कळेना, घराजवळचे डॉक्टर सोडून मुंबईला कशाला. मी तिला कारण काय सांगणार?

डॉक्टर आता म्हातारे झाले होते, चष्मा जाड झाला होता. आम्ही आत गेलो तेव्हा मालती पुढे होती. ती दारापासून खुर्चीपर्यंत चालत गेली, तेवढ्यात डॉक्टरांनी तिची चाल पाहिली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. पायाचं दुखणं त्या क्षणी मला आठवतही नव्हतं.

पण त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, त्या उंचवट्याच्या थोडं पुढे अंगठ्याने दाबलं, आणि मी ओरडलो. समोरच्या इमारतीत जाऊन फोटो काढून आणला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. केसासारखी एक बारीक रेघ होती. एकदम मोडलेलं नाही, म्हणाले, सतत भार आणि मार बसून तडकलंय. मग विचारलं, या कडेवर वर्षानुवर्षं काही आदळत आलंय का?

मालती हसून म्हणाली, "आदळत आलंय म्हणजे काय डॉक्टर, अर्ध्या पनवेलच्या कमरा आदळल्यात त्यावर."

डॉक्टरही हसले. लिहून देता देता त्यांनी मान वर न करता सांगितलं, प्लास्टर, कुबड्या, पाय जमिनीला लावायचा नाही. आणि मग म्हणाले, "या वेळी ऐका."

परत येताना रिक्षात मालतीने विचारलं, "या वेळी म्हणजे?"

मी म्हणालो, त्यांची बोलायची पद्धत आहे तशी. तिने मला पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या खोलीत

प्लास्टर झाल्यावर माझी खाट पुढच्या खोलीत आणली. ज्यांना यातून जायचं आहे त्यांना दोन-चार गोष्टी सांगतो. प्लास्टरच्या आत खाज सुटते तेव्हा विणायची सुई आत घालू नका, मी घातली आणि जखम करून घेतली. पाय छातीपेक्षा उंच राहील इतक्या उशा घ्या. कुबड्यांवर वजन काखेत देऊ नका, हातांवर द्या. आंघोळीच्या वेळी पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायला दुसरं माणूस लागतं आणि त्या माणसाची चिडचिड होते, ती ऐकून घ्या. आळीतल्या लोकांनी चांगली साथ दिली. कुणी वर्तमानपत्र वाचून दाखवायला येई, कुणी पेरू पाठवी.

या सगळ्यापेक्षा कठीण होतं ते ऐकणं.

मी आयुष्यभर सकाळी कचेरीत गेलो आणि संध्याकाळी आलो. निवृत्तीनंतर चालायला आणि कट्ट्यावर. दिवसभर घरात पडून राहण्याची वेळ कधी आली नव्हती. आता मी पडून होतो आणि आमच्या शहाबादी फरशीवर मालती फिरत होती. एक पाऊल पुरं पडायचं. दुसरं पडायचं आणि मग घासत यायचं. टप, सर्र. टप, सर्र. ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून मागच्या दारापर्यंत, तिथून माझ्या खाटेपर्यंत. चहा आला की आधी तो आवाज यायचा, मग कप. ती शेजारी गेली आणि घरात कुणी नसलं तरी मला तो ऐकू यायचा. दुपारी डोळा लागला की त्या आवाजात मला बांध दिसायचा, आणि बांधावरून जाणारी ती. मी तिला हाक मारायला तोंड उघडायचो आणि तोंडातून एकच शब्द यायचा, जा.

एवढी वर्षं ती या आवाजासकट घरात राहिली होती आणि मी तो ऐकला नव्हता.

रोडपालीची माणसं

प्लास्टर निघायला थोडे दिवस राहिले होते तेव्हा रोडपालीहून एक नवरा-बायको आले. नवऱ्याची कमर धरली होती, तो काटकोनात वाकून चालत होता. बायको पुढे होती, तिच्या डोक्यावर टोपली होती ती तिने दारात उतरवली. माझं प्लास्टर पाहून ती जरा थबकली.

मी सांगितलं, बाई, पाय मोडलाय, आता मी हे करत नाही. डॉक्टरकडे जा.

"डावा हाय ना?" ती म्हणाली. "डावा चालत नाय का?"

नवरा तसाच वाकून जमिनीकडे बघत म्हणाला, "अगो, त्यांना आपलाच पाय जड झालाय, नि तू डावा काय मागतेस."

मला हसू आलं. आणि तेवढ्यात आतून तो आवाज आला. टप, सर्र. मालती हात पुसत बाहेर आली. त्या दोघांची दया येऊन मला म्हणाली, लावा की डावा, त्यांचं समाधान होईल. मग त्या बाईकडे वळली आणि स्वतःच्या पायाकडे बोट करून म्हणाली, "यांच्या पायाला गुण आहे. माझा पाय यांनीच उतरवला होता. नंतर मी हट्ट केला, चालत राहिले, म्हणून हे असं झालं. यांच्या पायाचा दोष नाही."

एके काळी ज्या गोष्टीला ती हसत होती, तिची ग्वाही ती परक्या माणसांना देत होती, आणि ती ग्वाही द्यायला स्वतःचं वाकडं पाऊल दाखवत होती.

मी डावा पाय लावला नाही. मालतीने त्यांना पाणी दिलं. ती माणसं नाराज होऊन गेली. जाताना त्या बाईने टोपलीतली थोडी वालपापडी ओटीवर ठेवली. मालती ती निवडायला माझ्या खाटेशेजारी बसली, आणि मी तिला सांगितलं. तळं, डॉक्टर, फोटो काढा म्हणाले होते ते, भार देऊ नका म्हणाले होते ते. मी हो म्हणालो ते. आणि घरी येऊन गप्प बसलो ते. का गप्प बसलो, तेही.

ती शेंगा सोलत राहिली. मध्येच तिने विचारलं, तळ्याकाठी कुठे उभे होतात? मी जागा सांगितली. त्या दिवशी माझा वर्ग होता का? मी म्हणालो, होता. दुपारी तू गेलीस.

ती म्हणाली, "म्हणजे मी हट्टी नव्हते."

मी ताटातली एक शेंग उचलून परत ठेवली.

"इतकी वर्षं मला वाटत होतं, मी हट्टी आहे," ती म्हणाली, आणि शेंगांचं ताट उचलून आत गेली. त्या दिवशी तिच्या पावलांचा आवाज मी ऐकत बसलो नाही. मी कान झाकून घेतले.

नंतर

तिने भांडण केलं नाही. केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. एकच बदललं. इतके दिवस ती माझा पाय दोन्ही हातांनी उचलून उशीवर ठेवायची. आता ती उशी आणून माझ्या हातात द्यायची. पाय मी माझा उचलायचो. प्लास्टर निघाल्यावर पोटरी काठीसारखी झाली होती. पावलाखाली बाटली फिरवायची, टॉवेल पायाच्या बोटांनी ओढायचा, असे व्यायाम सांगितले होते, तेही मी एकट्याने केले. ते करा, कंटाळू नका, चाल त्यांनीच परत येते.

मुलाला मी पत्र लिहून सगळं कळवलं. बहिणीला समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे रे, जुनी गोष्ट. आई तेव्हा हयात नव्हती. तिच्या मनात मालती हट्टीच राहिली.

मला काठी घेऊन चालता येऊ लागल्यावर एक दिवस मालती म्हणाली, "वाडीवर जायचंय. तिथे मी सांगून आले होते, माझ्या हट्टापायी वर्ग बुडाला, मला माफ करा. आता तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं."

आम्ही नेऱ्याला उतरलो. बांधांवरून जाताना ती पुढे होती. मी काठीवर मागे. दोन तऱ्हेच्या लंगड्या चाली, पण मऊ मातीत कुणाचाच आवाज होत नव्हता. ज्या जागी कड ढासळली होती तिथे ती थांबली असावी. मला तिने ती जागा दाखवली नाही आणि मी विचारली नाही.

हौसा अंगणात भात वाळवत होती. मी तिला पहिल्यांदा पाहत होतो. केस पिकले होते. तिने मालतीला ओळखायला जरा वेळ घेतला, मग उठून तिचे दोन्ही हात धरले आणि आमची दशा पाहून म्हणाली, "बाय, दोघं पन लंगडत आलाव?" शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. कुणी खाट टाकली, कुणी पाणी आणलं. त्या पूर्वीच्याच बायका होत्या, वर्गातल्या.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. वर्ग बुडाला तो बाईंच्या हट्टाने नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, हाड मोडलं असेल, चालू देऊ नका. मी ते लपवलं. वेळेवर उपचार झाले असते तर बाई दोन-तीन महिन्यांत परत आल्या असत्या. दोष माझा.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. एवढ्यासाठी हा म्हातारा काठी टेकत इथवर आला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. हौसा मात्र विचार करत होती.

"दोन-तीन म्हैन्यांत आल्या असत्या?" तिने मला विचारलं.

मी म्हणालो, हो.

"आमी लय दिस ओट्यावर बसायचो," ती म्हणाली. "मंग सोडला." मग वाळत्या भाताकडे वळून म्हणाली, "आता सांगून काय व्हनार हाय, भाऊ."

तिने भात राखायची काठी उचलली. अंगणात धूळ होती. ती वाकली आणि सावकाश आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, ह. चांगलं काढलं होतं, ठसठशीत. मालतीचा चेहरा उजळला. हौसाने काठी पुढच्या अक्षरासाठी उचलली, ती हवेत थांबली. तिने मालतीकडे पाहिलं. बांध तुडवून मालतीचा पाय आखडला होता, तिला वाकता येत नव्हतं. ती उभी राहूनच हवेत बोटाने पुढचं वळण काढून दाखवू लागली. हौसाने ते डोळे बारीक करून पाहिलं, काठी टेकवली, पुन्हा उचलली. मग ओशाळून हसली.

"पुसू नकोस," मालती म्हणाली.

पण तोवर हौसाने पावलाच्या कडेने ते अक्षर पुसून टाकलं होतं.